पडद्यामागून पाहिलेली भुतं

मी भुतांचे सिनेमे पाहिले ते सगळे उलटे पाहिले, आणि खरं सांगायचं तर फारसे पाहिलेच नाहीत. मी माझ्या नणंदेचं तोंड पाहत होते. तेच माझं काम होतं.

ते लढाईचे दिवस. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि नवरा लढाईच्या नोकरीवर तिकडे अंबाल्याला. धारवाडात मळमड्डीतल्या घरात आम्ही तिघंच, सासरे, नणंद आणि मी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. नणंद माझ्याहून लहान, पण घरात तिला अक्का म्हणत आणि मी रीतीप्रमाणे वन्सं म्हणे. मी सांगलीकडची. कन्नड मला मीठ-पाणी मागण्यापुरतं येई. वन्संना मराठी आणि कन्नड सारखंच, वर कॉलेजात जाऊन शिकलेलं इंग्रजी. रागावल्या की त्या कन्नडमध्ये रागावत, त्यामुळे पहिले काही महिने त्या माझ्यावर कधी रागावतच नाहीत असा माझा समज होता.

वन्संनी इंटर सायन्सची परीक्षा नुकतीच दिली होती आणि त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. मुंबईला जायचं, तिथल्या डॉक्टरीच्या कॉलेजात. मामंजींनी कधी नाही म्हटलं नाही. ते वकील होते, नाही म्हणण्याऐवजी मुद्दा काढत. त्यांचा मुद्दा असा की अक्का भित्री आहे. लहानपणी जत्रेत बकरं कापताना पाहिलं आणि तापानं फणफणली. आईला अंगणात आणून ठेवलं तेव्हा तर बेशुद्धच पडली. तिकडे टेबलावर मढी फाडायची असतात, पहिल्याच दिवशी चक्कर येऊन पडेल आणि ट्रंक घेऊन परत येईल, मग साऱ्या धारवाडाला हसायला विषय. आपल्या आईला तसं पाहून कुणालाही चक्कर येईल, असं वन्संनी सांगून पाहिलं. मामंजी म्हणाले, तो भावनेचा भाग झाला.

रंगपंचमी होऊन गेल्यावरची एक दुपार. गल्लीतून ताशा वाजवत टांगा आला. टांग्याच्या दोन्ही बाजूंना चित्रांचे फळे, त्यावर कुणी बाई ओरडतेय आणि तिच्यामागे एक हात. टांग्यातला माणूस कन्नड आणि मराठी आलटून पालटून ओरडत होता की दर बुधवारी दुपारी एका तिकिटात दोन खेळ, दोन्ही भुतांचे, इंग्रजी, आणि कमकुवत काळजाच्या माणसांनी घरीच बसावं. एक कागद झोपाळ्यावर बसलेल्या मामंजींच्या पायाशी येऊन पडला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग वन्संना हाक मारली.

ठरलं ते असं. उन्हाळाभर दर बुधवारी दोन्ही खेळ पाहायचे. डोळे मिटायचे नाहीत, तोंड फिरवायचं नाही, मधून उठून यायचं नाही. शेवटपर्यंत निभावलं तर मामंजी मुंबईच्या विषयाला पुन्हा हरकत घेणार नाहीत, स्वतः पोचवायला जातील. एकदा जरी ढळली तर वन्संनी तो विषय काढायचा नाही. वन्संनी विचारलं, "शब्द?" मामंजी म्हणाले, "शब्द." पण स्वतःच्या खटल्यात स्वतःचीच साक्ष कशी चालेल, म्हणून साक्षीदार मी. मी म्हटलं मला भुतांची भीती वाटते. मामंजी म्हणाले, उत्तम, म्हणजे भीती कशी दिसते ते तुला ओळखता येईल.

ते थिएटर म्हणजे पत्र्याची लांबलचक वखार. कधीकाळी तिथे कापसाच्या गाठी ठेवत, आणि पंखा फिरला की अजूनही कोपऱ्यातून कापूस उडायचा. मधोमध पडदा टांगलेला. पडद्याच्या अलीकडे पुरुष, खुर्च्या आणि बाकं. पलीकडे, म्हणजे पडद्याच्या पाठीमागे, बायका. अशी सोय इतर कुठे होती का, मला ठाऊक नाही. मालकाचं म्हणणं असं की बायकांना पुरुषांची नजर नको, पुरुषांना पोरांची रडारड नको, आणि चित्र दोन्हीकडून दिसतंच. ते दिसावं म्हणून कापडावर पाणी मारत. खेळाआधी एक माणूस मोठी पिचकारी घेऊन आमच्या बाजूला येई आणि पडदा वरपासून खालपर्यंत भिजवी. चैत्रातल्या उन्हानं तापलेल्या त्या पत्र्याखाली ओल्या कापडाचा वास सुटला की बायका एकदम गप्प होत. कोणी पदर सारखा करी, कोणी पोराच्या तोंडात शेंगदाणे कोंबी, आणि अंधार होई.

बोलपटाचा कर्णा पडद्यामागेच, म्हणजे आमच्या मांडीला मांडी लावून. पुरुषांना किंकाळी ऐकू येई, आम्हाला ती छातीत बसे. पहिल्या बुधवारी पहिली किंकाळी फुटली आणि माझा पदर माझ्या नकळत डोळ्यांवर गेला, तो उन्हाळा संपेपर्यंत पुरता खाली आलाच नाही. पदराच्या आडून मी वन्संकडे पाहत राहिले.

त्यांचं तोंड अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ओल्या कापडातून येणारा उजेड पाण्यातून आल्यासारखा मऊ असे. तो त्यांच्या कपाळावरून, नाकावरून, गळ्यातल्या बारीक साखळीवरून सरकत जाई. पडद्यावर दिवा विझला की चेहरा जाई, वीज चमकली की परत येई. बुडालेली कुणी नवरी समुद्रातून दिवसाकाठी एकदा दीपगृहाच्या पायऱ्या चढून येते, अशी एक गोष्ट होती. ती नवरी मी पाहिली नाही. पण ती किती पायऱ्या चढली, कधी थांबली, कधी तिनं वर पाहिलं, हे मला वन्संच्या भुवयांवरून कळत होतं. पडदा सुकत आला की चित्र फिकं होई, पिचकारीवाला पुन्हा पाणी मारी, आणि वन्संच्या चेहऱ्यावरून थेंबांच्या सावल्या ओघळत. मला त्या वेळी फार सुख वाटे. बाहेर ऊन होतं, अंबाल्याहून पत्र आलेलं नव्हतं, घरी संध्याकाळचा स्वैपाक पडला होता, आणि मी मात्र भुतांच्या उजेडात एक चेहरा बघत बसले होते.

दोन खेळांच्या मध्ये मोठी सुट्टी. एक खेळ आमच्याकडे चाले तेव्हा दुसरा हुबळीला चालू असे. मग इथल्या रिळांच्या पेट्या तिकडे आणि तिकडच्या इकडे, दुपारच्या गाडीनं. गाडी वेळेवर आली तर तासभर, नाहीतर हरी हरी. बायका गोणपाटावर आडव्या होत. कोणी चुरमुऱ्यांचं गिरमिट मागवी, कोणी तांदूळ निवडायला आणलेले असत, कोणी लेकराला थोपटता थोपटता स्वतःच झोपे. गाडीची शिट्टी लांबून ऐकू आली की एखादी डोळे न उघडताच सांगे की भुतं आली. वन्सं या वेळात एकट्या सुकल्या पडद्यापाशी जाऊन उभ्या राहत आणि त्यावर बोट फिरवत. मी विचारलं काय बघता, तर म्हणाल्या, एवढं पातळ कापड आहे, वहिनी.

दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारपासून वन्सं आमच्या बाजूच्या सांगणाऱ्या झाल्या. पुरुषांकडे एक माणूस काठी घेऊन गोष्ट सांगत असे, पण कर्ण्यामुळे आम्हाला त्याचं अवाक्षर ऐकू येत नसे. वन्सं मला मराठीत सांगू लागल्या, तर मागच्या बाईनं विचारलं, "एनंतान री, अक्का?" म्हणजे काय म्हणतोय तो. मग वन्सं कन्नडमध्येही सांगू लागल्या. थोड्याच दिवसांत भुतानं तोंड उघडलं की सगळी वखार वन्संकडे बघे. त्यांचा आवाज कधी कापला नाही. सैतान शाप देतो तेही त्या बाजारातला भाव सांगावा तसं सांगत.

बुधवारी संध्याकाळी झोपाळ्यावर माझी उलटतपासणी. मामंजी पान जमवत आणि विचारत. डोळे मिटले का. नाही. पापणी लवली असेल. ती सगळ्यांचीच लवते, मामंजी. हात कुठे होते. मांडीवर. मुठी वळलेल्या होत्या का. एका हातात शेंगांची टरफलं होती. बोलत होती म्हणतेस, ते भीती घालवायलाच बोलत असणार. मी म्हटलं, भीती घालवायला माणूस एवढं व्याकरणशुद्ध बोलत नाही. त्यावर ते हसले आणि पानाचा विडा माझ्यापुढे केला. त्या घरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या उलटतपासण्यांत.

आणि मनातलं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. वन्संनी जिंकावं असंही वाटे आणि त्यांनी जाऊ नये असंही वाटे. त्या गेल्या की घरात मी आणि मामंजी, आणि दोघांच्या मध्ये झोपाळ्याची करकर. पण कुणी मला विचारलं नव्हतं, आणि साक्षीदाराला इच्छा नसते.

आंबे बाजारात आले आणि खटला फिरला. त्या बुधवारी हातमोजेवाल्या भुताचा खेळ होता. जळालेल्या एका हातावर तो काळा मोजा घालतो, आणि मोजा निघाला की कोणीतरी मरतं. आमच्याकडच्या बायकांनी या भुताला फार मनावर घेतलं. कारण मोजा डाव्या हातात, आणि उजवा चांगला असून तो जेवे मात्र त्या मोज्याच्या डाव्या हातानं. तशी तिकडची सगळीच माणसं डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं हस्तांदोलन करतात, हे बायकांनी पहिल्या बुधवारीच टिपलं होतं, आणि त्या मुलखात इतकी भुतं का होतात याचं कारणही त्यातच काढलं होतं. मी तो सगळा अहवाल संध्याकाळी मामंजींना दिला, डाव्या हातासकट.

दुसऱ्या दिवशी मामंजी कोर्टातून आले ते टोपी न काढताच झोपाळ्यावर बसले. बाररूममधल्या त्यांच्या एका स्नेह्यानं तोच खेळ खुर्चीवर बसून पाहिला होता. मोजा उजव्या हातात होता. त्याबद्दल स्नेह्याला तिळमात्र शंका नव्हती, आणि तो माणूस सही करण्याआधी कागद तीनदा वाचणारा. मामंजींनी मला समोर उभं केलं. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले की साक्षीदारानं खेळ पाहिलेला नाही, किंवा पाहून खोटं सांगतोय, आणि एका गोष्टीत खोटा पडला तो सगळ्यातच खोटा. सबंध उन्हाळ्याची साक्ष बाद.

मला रडूच आलं. मी शपथ घेतली, शेजारच्या दोघी बायकांचा हवाला दिला, त्याही डावाच म्हणत होत्या. मामंजी म्हणाले, संगनमत.

वन्सं आतून पोळपाट-लाटणं टाकून आल्या. हात पिठाचे. आज वाटतं की त्या दिवशी त्या कन्नडमध्ये रागावल्या असत्या तर मला इतकी भीती वाटली नसती. त्या मराठीत आणि हळू बोलल्या. "अप्पा, साक्षीदार खोटा नाही. जागा दुसरी आहे. या बुधवारी तुम्ही समोर बसा, आणि मध्येच पाच मिनिटं पडद्याच्या बाजूला येऊन उभे राहा."

मग कुठे मला समजलं की पडद्यामागून डावं-उजवं उलटं दिसतं. वन्संना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण पडद्यावरची इंग्रजी अक्षरं त्यांना उलटी वाचावी लागत होती. त्यांना वाटलं सगळ्यांनाच ठाऊक आहे. मला इंग्रजी सुलटंही येत नव्हतं, तर उलटं कुठून कळणार. मला ती अक्षरं तशीच असतात असं वाटे, मोडीसारखी काहीतरी भानगड.

तो हंगामातला शेवटचा बुधवार. मामंजी काळा कोट घालून आले, कोर्टात निघाल्यासारखे. पहिला खेळ चालू असताना ते सांगितल्याप्रमाणे पडद्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मालक गडबडला, पण वकिलाला हटकणार कोण. एकदा पुरुषांच्या बाजूनं पाहिलं, एकदा मान वळवून आमच्या बाजूनं. इकडे तलवार एका हातात, तिकडे दुसऱ्या. असं त्यांनी कितीतरी वेळ केलं. त्यांच्या चेहऱ्यावर अर्धा उजेड होता, आणि ते एखाद्या मुलासारखे गुंगून गेले होते. मग मला अंधारातून शोधून त्यांनी दोन्ही हात जोडले. साक्ष पुन्हा दाखल झाली, हे मला कळलं. शेजारणीनं विचारलं हे कोण, तर मी अभिमानानं सांगितलं, आमचे मामंजी.

गाडीला उशीर झाला. बायका झोपल्या. हुबळीहून पेट्या आल्या तेव्हा पत्र्यावरचं ऊन कलायला लागलं होतं.

शेवटच्या खेळात ओरडणं जवळजवळ नव्हतंच. डोंगरावरच्या बंगल्यात एक म्हातारा एकटा राहत असतो. वाट चुकलेली माणसं येतात. तो त्यांना जेवायला घालतो, पियानो वाजवून दाखवतो, उबदार खोली देतो. सकाळी ती निघतो म्हणाली की सांगतो, पूल वाहून गेला आहे. दुसऱ्या सकाळी घोडा लंगडतो आहे. तिसऱ्या सकाळी धुकं आहे, कड्यावरून पडाल. दर वेळी कारण खरंच वाटतं, आणि दर वेळी एक दार जास्त बंद झालेलं असतं. शेवटी कळतं की म्हातारा कधीचाच मेलेला आहे.

वन्सं सांगत होत्या, मराठीत एकदा, कन्नडमध्ये एकदा. धुक्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. बायका वाट पाहत राहिल्या. मागून कोणीतरी विचारलं, "एनंतान री?" मी वन्संकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे होते, आणि त्यातून पाणी वाहत होतं, पुसण्याची शुद्ध नसल्यासारखं. माझ्या पलीकडची एक म्हातारी पडद्याकडे बघत आपल्याशीच म्हणाली, "पापऽ, ओब्न इद्दान." बिचारा, एकटाच आहे. एवढं कन्नड मला तोवर कळायला लागलं होतं.

घरी येताना मामंजी पुढे चालत होते, काठी टेकत, आम्ही दोघी मागे. वन्संनी एकदाच माझा हात धरला आणि गल्लीच्या तोंडाशी सोडला.

दिवेलागण झाली. वन्सं मागच्या दारी विहिरीवर गेल्या. मामंजी झोपाळ्यावर बसले, पानाचा डबा उघडला आणि तसाच ठेवून मला हाक मारली. शेवटची तपासणी.

"डोळे मिटले?"

"नाही, मामंजी."

"तोंड फिरवलं?"

"नाही."

मी तिथेच थांबले असते तर चाललं असतं. पण मी त्यांची साक्षीदार होते, आणि एकदा बाद झालेली साक्ष त्यांनी हात जोडून परत घेतली होती. म्हणून मी सांगितलं की शेवटी शेवटी त्या रडल्या.

मामंजी एकदम ताठ झाले. इतके दिवस ज्या एका शब्दाची वाट पाहत होते तो मिळाल्यासारखे. "भीतीनं?"

"नाही."

"मग कशानं?"

"त्या म्हाताऱ्यासाठी, मामंजी."

झोपाळा थांबला. ते माझ्याकडे बघत होते की माझ्या मागच्या भिंतीकडे, सांगता येत नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हातातच धरून ठेवला. मागच्या दारी रहाटाचा आवाज येत होता.

"मला वाटलं होतं, ती घाबरेल," मामंजी म्हणाले. "एवढ्या उन्हाळ्यात एकदा तरी घाबरेल गं."

वकिलीतला एकही मुद्दा त्यांच्याकडे उरला नव्हता. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण सुनेनं तसं बसायची रीत नव्हती, म्हणून मी उभीच राहिले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मागच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"अक्का, मुंबईला पाऊस फार असतो. छत्री चांगली घ्यावी लागेल."

रहाट मध्येच थांबला.